हिशेब मागणारा सेनापती : यानिस मक्रियानिसचं प्रकरण

ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी आपल्याकडे फार तर दोन गोष्टी ऐकलेल्या असतात. कवी बायरन तिथे लढायला गेला आणि 1824 साली मिसोलोंगीत तापाने वारला, ही एक. दुसरी, 1827 च्या ऑक्टोबरात इंग्लंड, फ्रान्स आणि रशियाच्या आरमारांनी नावारिनोच्या उपसागरात तुर्की आणि इजिप्ती ताफा बुडवला. दोन्ही गोष्टींतले नायक बाहेरचे. पण ज्यांच्या दारात ती लढाई आली, ज्यांनी ती वर्षानुवर्षं अंगावर काढली, त्यांच्यातल्याच एकाने स्वतःच्या हाताने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. आधुनिक ग्रीक गद्यातलं ते एक श्रेष्ठ पुस्तक मानलं जातं. आणि लिहिणारा माणूस वयाच्या बत्तिशीपर्यंत धड लिहू-वाचू शकत नव्हता. त्याचं नाव यानिस मक्रियानिस. सेनापतिपदापर्यंत पोचलेला, अंगभर जखमा वागवत जगलेला आणि ज्या राज्यासाठी लढला त्याच राज्याच्या लष्करी न्यायालयाने देहदंड ठोठावलेला माणूस.

हे प्रकरण मी निवडलं ते एका प्रश्नापायी. आयुष्य लढाईत गेलेल्या माणसाने तिशी उलटल्यावर अक्षरं गिरवून आठवणी लिहायला का बसावं? कीर्तीसाठी म्हणावं, तर लिहिलेलं त्याने लपवूनच ठेवलं. पैशासाठी म्हणावं, तर हयातीत एक पानही छापलं नाही. वाङ्मयाची हौस म्हणावी, तर वाङ्मय म्हणजे काय याच्याशी त्याची ओळखच नव्हती. मला उत्तर दिसतं ते त्याच्या पहिल्या धंद्यात. योद्धा होण्याआधी मक्रियानिस व्यापारी होता, सावकारी करत होता, आणि त्याचं पुस्तक ही मुळात एक खतावणी आहे. कोणी काय दिलं, कोणी काय उचललं, कोणाचं येणं अजून थकलंय, हे त्यात नोंदलेलं आहे. देशाच्या नावावर स्वतः काय खाल्लं तेही त्याने लिहिलंय, म्हणून तर ती खतावणी वाचण्याजोगी झाली.

देस्फिनाचा करार

जन्म 1797 चा, मध्य ग्रीसच्या डोंगराळ मुलखातल्या लिदोरिकीजवळच्या अव्होरिती या वाडीतला. मूळ नाव यानिस त्रिआंदाफिलू. उंच म्हणून लोक मक्रियानिस, म्हणजे उंच यानिस, म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं. तान्हा असतानाच बाप मारला गेला. तो सगळा मुलूख तेव्हा तुर्की सुलतानाचा यानिनातला सुभेदार अली पाशा याच्या टाचेखाली होता. घर उठलं, आई मुलांना घेऊन लिव्हादियाला पळाली. सातव्या वर्षी पोरगं दुसऱ्याच्या घरी कामाला लागलं. मालकाची हलकीसलकी कामं, मार, उपासमार. शाळेचा प्रश्नच नव्हता.

चौदाव्या वर्षाची एक हकिकत त्याने सविस्तर सांगितली आहे. देस्फिना गावात संत योहानचा उत्सव होता. ज्याच्याकडे तो राहत होता त्याने आपली बंदूक पोराच्या हाती धरायला दिली. पोराने ती उडवली आणि बंदूक मोडली. मालकाने भर उत्सवात, सगळ्या लोकांदेखत त्याला बडवून काढलं. माराचं दुखणं नाही लागलं, लाज लागली, असं तो सांगतो. मग तो संताच्या देवळात शिरला, दार लावून घेतलं आणि रडत रडत संताशी भांडला. माझी ही काय दशा केलीस, असं त्याने विचारलं. मला चांगली हत्यारं आणि पैसा दे, मी तुला चांदीचा मोठा दिवा करून आणीन. त्याने हे शब्द नवसाचे वापरलेले नाहीत, सरळ देवाणघेवाणीचे वापरलेत : आम्ही दोघांनी करार केला. पुढे पैसा आला तेव्हा चांदीने मढवलेली हत्यारं स्वतःसाठी केली, दिवा संतासाठी केला आणि देस्फिनाला नेऊन टांगला.

पैसा आला तो पश्चिमेकडच्या आर्ता गावात. 1811 साली तो तिथल्या एका गाववाल्याकडे राहायला गेला. आधी त्याचं काम केलं, मग थोडं कर्ज काढून धान्याचा व्यापार, मग व्याजबट्टा. विशीत पोचेपर्यंत घर, जमीनजुमला, लोकांकडे अडकलेली रक्कम असा तो चांगलाच सधन झाला. हा भाग तो लपवत नाही, उलट मिरवतो. ग्रीक अभ्यासकांना पुढे या भागाची जरा अडचण वाटत राहिली. गरीब, भोळा, देशभक्त शेतकरी अशी त्याची जी मूर्ती तयार झाली तिच्यात व्याजाने पैसे लावणारा तरुण बसत नाही. मला मात्र हाच भाग किल्लीसारखा वाटतो. दिलेला शब्द आणि दिलेली रक्कम परत आलीच पाहिजे, हा त्याच्या मनाचा कणा तिथे घडला.

खात्यावर पडलेलं रक्त

1820 मध्ये त्याला तुर्कांविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या फिलिकी एतेरिया या गुप्त मंडळाची शपथ देण्यात आली. 1821 च्या मार्चमध्ये व्यापाराचं निमित्त करून तो पात्रासला गेला, उठावाची तयारी पाहून आला आणि आर्ताला परतताच पकडला गेला. नव्वद दिवस किल्ल्याच्या कोठडीत, पायांत बेड्या, रोज मारहाण. बरोबरच्यांना फाशी दिलं. याला ठेवलं ते पैसा कुठे दडवलाय हे काढून घ्यायचं होतं म्हणून. तिथून निसटला आणि थेट डोंगरातल्या सैन्यात दाखल झाला.

पुढच्या सहा-सात वर्षांच्या लढायांची जंत्री देत नाही. दोन प्रसंग पुरेत.

पहिला लेर्नाच्या पाणचक्क्यांचा, जून 1825 चा. (तारखा सगळ्या जुन्या पंचांगाच्या आहेत, आजच्या हिशेबाने बारा दिवस पुढे धराव्यात.) तुर्कांच्या बाजूने लढणारा इजिप्तचा इब्राहिम पाशा पेलोपोनीज हा ग्रीसचा दक्षिणेकडचा द्वीपकल्प जाळत नाफ्प्लिओकडे येत होता. नाफ्प्लिओ ही ग्रीकांची राजधानी. तिच्या समोरच्या किनाऱ्यावर लेर्नाला धान्याची कोठारं आणि गोडं पाणी. ते गेलं की राजधानी गेली. राखायला सेनानी दिमित्रिओस इप्सिलांतिस, मक्रियानिस आणि काही शे माणसं. फ्रेंच आरमाराचा अधिकारी द रिन्यी जवळच जहाज लावून होता. तो उतरून मोर्चे पाहायला आला आणि म्हणाला, इथे तुम्ही इब्राहिमशी काय लढणार, जागा कमजोर आहेत. मक्रियानिसने उत्तर दिलं ते ग्रीक शाळांतून आजही शिकवतात. जागा कमजोर आहेत, आम्हीही कमजोर आहोत, पण आमचं रक्षण करणारा देव बळकट आहे. शिवाय ग्रीक पहिल्यापासून आजवर थोडेच राहिले आहेत. सगळी श्वापदं आम्हाला खायला उठतात, खातात, पण चिमूटभर बियाणं शिल्लक राहतंच. आणि थोडे लोक मरायचं ठरवून उभे राहतात तेव्हा क्वचित हरतात, बहुतेकदा जिंकतात. फ्रेंच अधिकारी छान म्हणून निघून गेला. लेर्ना राखलं गेलं आणि मक्रियानिसचा हात गोळीने फुटला.

दुसरा प्रसंग 1826 च्या शरद ऋतूतला, अथेन्सच्या अक्रोपोलिसवरचा. तुर्की सेनापती रशिद पाशाने गडाला वेढा घातला होता, आत गडकरी गुरास. एके संध्याकाळी जेवायला सगळे बसले होते आणि गुरासने मक्रियानिसला गाणं म्हणायला सांगितलं, बऱ्याच दिवसांत गाणं झालं नाही म्हणून. मक्रियानिसचा आवाज चांगला. त्याने मावळलेल्या सूर्याचं, रणात पडलेल्यांचं गाणं म्हटलं. गुरासने उसासा टाकला, देव करो आणि हे शुभ ठरो, फार करुण म्हटलंस, असं म्हणाला. मक्रियानिस म्हणाला, बऱ्याच दिवसांनी म्हणतोय, लहर लागली. तेवढ्यात तटावर गोळीबार सुरू झाला. गुरास धावला, अंधारात त्याने बंदूक उडवली, त्याच उजेडावर समोरून नेम धरला गेला आणि तो जागीच पडला. हे सगळं पुस्तकात अर्ध्या-पाऊण पानात आहे. लेखक कुठेही हळहळ व्यक्त करायला थांबत नाही. लगेच पुढे गुरासला पुरलं कसं, मोर्चे वाटून घेतले कसे, हे सुरू होतं. काही दिवसांनी, 7 ऑक्टोबरला, एकाच दिवसात त्याला स्वतःला तीन जखमा झाल्या. त्यांतल्या डोक्याच्या आणि मानेच्या जखमांनी त्याला मरेपर्यंत सोडलं नाही. तशाच अवस्थेत तो वेढा फोडून बाहेर पडला आणि सरकारकडे मदत मागायला एजिना बेटावर पोचला.

आता खात्याची दुसरी बाजू. 1823 ते 1825 या काळात ग्रीक आपापसांत दोनदा लढले. तुर्कांशी युद्ध चालू असताना. लंडनहून कर्ज आलं होतं, 1824 मध्ये आठ लाख पौंड, पुढच्या वर्षी वीस लाखांचं. त्या पैशाचा बराच भाग तुर्कांऐवजी ग्रीकांवरच चालला. मक्रियानिस सरकारच्या बाजूने पेलोपोनीजमध्ये उतरला, आपल्याच लोकांवर चालून गेला आणि बढतीही घेतली. हे तो लिहितो. लुटीचं लिहितो, पश्चात्तापाचं लिहितो. दुसऱ्यांच्या चुका लिहायच्या तर स्वतःच्याही लिहायला हव्यात, अशी अट त्याने स्वतःला घालून घेतली होती. अट नेहमी पाळली असं नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

आर्गोस, 1829

1828 च्या जानेवारीत कापोदिस्त्रियास ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख म्हणून आला. त्याने मक्रियानिसला पेलोपोनीजमधल्या पोलीस बंदोबस्ताचं काम देऊन आर्गोसला बसवलं. युद्ध बरंचसं संपलं होतं. हाताखाली माणसं होती, काम फार नव्हतं. इतर अधिकारी कॉफीच्या दुकानांतून वेळ काढत. आपल्याला ती सवय नाही, म्हणून या मित्राला, त्या मित्राला विनवून थोडं लिहायला शिकलो, असं तो सांगतो. 26 फेब्रुवारी 1829 रोजी त्याने लिहायला सुरुवात केली.

सुरुवातीलाच तो म्हणतो की मी अडाणी, हे काम माझ्या हातून व्हायला नको होतं. पण देश माझाही आहे आणि त्याची होणारी दशा पाहवत नाही. पुढे वाचणाऱ्याला त्याची एक विनंती आहे : सगळं वाचल्याशिवाय निकाल देऊ नका.

त्याने लिहिलं तरी कसं? बोलल्यासारखं. शब्द कुठे तुटतो, कुठे दोन जोडले जातात, याचं भान नाही. विरामचिन्हं नाहीत, परिच्छेद नाहीत. कानाला ऐकू आलं तसं अक्षर. आपल्याकडच्या बखरी बहुधा कारकुनांनी आणि चिटणिसांनी, कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिल्या. त्यांच्या वाक्यांत दरबाराचा सराव दिसतो. मक्रियानिसच्याच काळातला, त्याच्याहून कितीतरी मोठा सेनानी कोलोकोत्रोनिस यानेही आपल्या आठवणी तेर्त्सेतिस नावाच्या शिकलेल्या माणसाला तोंडी सांगितल्या आणि त्याने त्या उतरवून घेतल्या. मक्रियानिसने मध्ये कोणाला येऊ दिलं नाही. हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही.

आणि खरोखरच त्याच्या वहीत पुढे भराभर जमेपेक्षा नावे जास्त होत गेलं. 1831 मध्ये कापोदिस्त्रियासचा खून झाला. 1833 च्या आरंभी जर्मनीतल्या बव्हेरियाचा सतरा वर्षांचा ओटो राजा म्हणून आला, बरोबर जर्मन कारभारी आणि तीन-साडेतीन हजार बव्हेरियन सैनिक. जुनी अनियमित पथकं मोडून टाकली. दहा-बारा वर्षं लढलेली माणसं एका हुकमासरशी रस्त्यावर आली. काही जण सरहद्द ओलांडून तुर्कांच्या मुलखात पोट भरायला गेले, काही दरोडेखोर झाले, काही अथेन्सच्या रस्त्यांवर हात पसरून उभे राहिले. कोलोकोत्रोनिसला 1834 मध्ये राजद्रोहाबद्दल देहदंडाची शिक्षा झाली. त्या खटल्यात निकालपत्रावर सही करायला नकार देणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी एक तेर्त्सेतिस होता. वर्षभरात कोलोकोत्रोनिसला सोडलं, पण लोकांना काय समजायचं ते समजलं.

या पानांतला मक्रियानिस लढाईच्या पानांतल्यापेक्षा मला अधिक मोठा वाटतो. कोणाचा पाय गेला, कोणाची विधवा कुठे झोपते, कोणाला सनद मिळाली आणि तिच्यावर किती गोळा झालं, गोळा करणारा पूर्वी कोणाच्या बाजूला होता, असं नावनिशीवार चालतं. पगडीवाले पुढारी, परदेशात शिकून आलेले मंत्री आणि बव्हेरियन अधिकारी यांना तो एका रांगेत उभं करतो. त्याचं म्हणणं साधं आहे. कर्ज आम्ही फेडलं, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर चढली.

भिंतीवर टांगायचा पुरावा

लिहिलेलं लोक वाचणार नाहीत हे त्याला माहीत होतं. निम्म्याहून जास्त देश निरक्षर होता. म्हणून त्याने चित्रं काढून घ्यायचं ठरवलं. आधी एक युरोपीय चित्रकार आणला, त्याने दोन-तीन चित्रं काढली, ती पसंत पडली नाहीत, पैसे देऊन त्याला लावून दिलं. मग स्पार्ताच्या मुलखातला पानायोतिस झोग्राफोस आणि त्याचे दोन मुलगे आणले. झोग्राफोस स्वतः लढाईत होता. 1836 ते 1839 अशी तीन वर्षं हे काम चाललं. मक्रियानिस त्याला घेऊन रणभूमींवर जाई आणि जागेवर उभं राहून सांगे : ही जागा अशी, तो मोर्चा तिथे, हे ग्रीकांचं, ते तुर्कांचं. पंचवीस चित्रं झाली. चित्रात डोंगर, गड, जहाजं सगळं एकदम वरून पाहिल्यासारखं. माणसं मुंग्यांएवढी, प्रत्येक जागेला आकडा आणि खाली आकड्याप्रमाणे खुलासा. शिकलेल्या चित्रकाराला जमलं नसतं असं ते काम आहे, कारण त्याला एकाच ठिकाणी उभं राहून पाहायची सवय असते. इथे लढाई जशी सगळ्यांनी मिळून आठवली तशी उतरली आहे.

1839 मध्ये त्याने घरी मोठी मेजवानी दिली, राजदूत बोलावले आणि चित्रांचे संच भेट दिले. एक इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियासाठी होता. तो विंडसरच्या राजसंग्रहात सुखरूप राहिला. दुसरा एक 1909 साली रोममध्ये योआनिस येनादिओस या ग्रीक मुत्सद्द्याच्या नजरेला पडला आणि आज अथेन्सच्या येनादिओस ग्रंथालयात आहे.

पुतळ्यांची गोष्टही याच वृत्तीतली. आर्गोसमध्ये काही सैनिकांकडे दोन प्राचीन पुतळे होते, एक स्त्रीचा आणि एक राजपुत्राचा, इतके उत्तम की शिरासुद्धा दिसत. सैनिक ते युरोपियनांना हजार तालर (चांदीची नाणी) घेऊन विकायला निघाले होते. मक्रियानिसने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, दहा हजार दिले तरी हे देशाबाहेर जाऊ देऊ नका, यांच्यासाठीच तर आपण लढलो. ब्रिटिश राजदूत एल्गिनने अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं नेऊन तेव्हा पंचवीस-तीसच वर्षं झाली होती. प्राचीन ग्रीसबद्दल युरोपच्या विद्यापीठांत मोठमोठे ग्रंथ लिहिले जात असताना पुस्तक न वाचलेल्या माणसाला हे सुचलं, याचं मला फार मोल वाटतं.

तिनोसला पाठवलेलं बाड

1840 च्या सुमारास त्याच्यावर पाळत वाढली. घराची झडती होईल या भीतीने त्याने हस्तलिखित एका विश्वासू माणसाबरोबर तिनोस बेटावर पाठवून दिलं. इकडे जे सुचेल, जे घडेल ते कपट्यांवर लिहीत राहिला आणि ते कपटे पत्र्याच्या डब्यात घालून पुरून ठेवू लागला. 1844 मध्ये तिनोसला जाऊन बाड परत आणलं आणि मधल्या वर्षांच्या नोंदी त्यात उतरवल्या.

मधल्या वर्षांत घडलं ते मोठंच होतं. राजाने राज्यघटना द्यावी म्हणून मक्रियानिस गुपचूप माणसं जोडत होता. शपथेचा कागद करून सह्या घेत होता. 2 सप्टेंबर 1843 च्या रात्री पोलिसांनी त्याचं घर वेढलं. आत बायको-मुलं आणि थोडे सोबती. गोळ्या चालल्या. इकडे घोडदळाचा अधिकारी कालेर्गिस सैन्य घेऊन राजवाड्यासमोर उभा राहिला, लोक जमले आणि अखेर ओटो कबूल झाला. 1844 ची घटना त्यातून आली. आजही अथेन्समध्ये संसदेसमोरच्या चौकाला घटना चौक म्हणतात.

ओटो हे विसरला नाही. 1852 मध्ये राजाला मारायचा कट केल्याचा आरोप ठेवून मक्रियानिसला आधी घरातच कैद केलं. 1853 च्या मार्चमध्ये लष्करी न्यायालयाने देहदंड दिला. पुरावा फारच तोकडा होता. शिक्षा आधी जन्मठेपेवर आणि मग काही वर्षांच्या कैदेवर आली. सप्टेंबर 1854 मध्ये सुटका झाली ती कालेर्गिस युद्धमंत्री झाला म्हणून. तोवर डोक्याची जखम, तुरुंग आणि अपमान यांनी माणूस खचला होता. हुद्दाही काढून घेतलेला. 1862 मध्ये ओटोला देश सोडावा लागला, तेव्हा हुद्दा परत मिळाला. 27 एप्रिल 1864 ला तो वारला. झ्यूसच्या भग्न मंदिराजवळ त्याचं घर होतं. अथेन्सचा तो भाग आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि नवं अक्रोपोलिस संग्रहालय तिथेच आहे.

डबा सापडतो

यानिस व्लाखोयानिस हा इतिहासकार जुने कागद शोधत हिंडणारा माणूस. ग्रीसचं राज्य अभिलेखागार पुढे 1914 मध्ये त्याच्याच प्रयत्नाने उभं राहिलं. मक्रियानिसने काहीतरी लिहून ठेवलं होतं असं त्याच्या कानावर होतं. तो मुलाच्या, कित्सोस मक्रियानिसच्या, मागे लागला. 1901 मध्ये घरातल्या अडगळीत एका पत्र्याच्या डब्यात बाड निघालं. ते कोणाला वाचता येईना. व्लाखोयानिसने सतरा महिने खर्ची घालून एकेक अक्षर लावलं आणि 1907 मध्ये ग्रंथ छापला.

वेळ कशी होती ते लक्षात घेतलं पाहिजे. त्याच 1901 च्या नोव्हेंबरात अथेन्समध्ये बायबलमधलं शुभवर्तमान बोलीभाषेत छापल्यावरून दंगल झाली आणि आठ माणसं मेली. सरकार, विद्यापीठ, वर्तमानपत्रं यांची भाषा म्हणजे प्राचीन ग्रीकच्या वळणावर घडवलेली शुद्ध भाषा. बोलीत गंभीर काही लिहिता येतं हेच पुष्कळांना मान्य नव्हतं. आणि इथे राज्यघटना, राजकारण, युद्ध, देव यांवर शेकडो पानं, सगळी डोंगराळ बोलीत, आणि एकही वाक्य मेलेलं नाही. तरी ग्रंथाला वाचक मिळायला आणखी तीन-चार दशकं गेली. 1943 मध्ये ग्रीस जर्मनांच्या ताब्यात होतं. कवी सेफेरिस निर्वासित सरकारबरोबर इजिप्तमध्ये होता. तिथे अलेक्झांड्रियात त्याने मक्रियानिसवर भाषण दिलं. या निरक्षर सेनापतीला त्याने आपला गुरू म्हटलं. वीस वर्षांनी नोबेल पारितोषिक घेतानाच्या व्याख्यानातही त्याने मक्रियानिसची आठवण काढली.

विश्वास किती ठेवायचा

मक्रियानिसवर प्रेम करणाऱ्यांनी त्याचं एक नुकसान केलं. त्याला लोकांच्या शहाणपणाचा निर्मळ झरा ठरवून टाकलं. तो तसा नव्हता. कोलोकोत्रोनिसबद्दल तो अनेक ठिकाणी अन्यायाने लिहितो. कोलेतिस, मावरोकोर्दातोस या राजकीय पुढाऱ्यांवरचा राग त्याच्या डोळ्यांवर येतो. स्वतःचा वाटा मोठा करून सांगायचा मोहही त्याला सुटत नाही. यादवीत आपण का उतरलो याचं त्याने दिलेलं कारण प्रत्येक वेळी पटत नाही. लढाईतल्या आकड्यांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

पण आकड्यांपलीकडे एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कोणी इतक्या स्पष्टपणे मांडली नाही. ग्रंथाच्या शेवटी तो म्हणतो की हा देश आपण सगळ्यांनी मिळून राखला. शहाणे, अडाणी, श्रीमंत, गरीब, पुढारी आणि अगदी साधी माणसं, सगळ्यांनी. एकट्याने लढलेल्याने मी म्हणावं, मिळून लढलेल्यांनी आम्ही म्हणावं. आपण आता आम्हीमध्ये आहोत, मीमध्ये नाही. हे वाक्य आज ग्रीसमध्ये भाषणांतून इतकं वापरलं जातं की गुळगुळीत झालंय. ते कोणी लिहिलं हे पाहिलं तरच त्याची धार कळते. शेकडो पानं ज्याने आमच्यातल्या कोणी कोणाला लुटलं याची नोंद केली, त्याने ते लिहिलं.

1983 मध्ये त्याचं आणखी एक हस्तलिखित प्रसिद्ध झालं, 1851-52 मधलं. त्यात दृष्टान्त आहेत, संतांशी संवाद आहेत, चमत्कार आहेत, रात्र रात्र गुडघे टेकून केलेल्या प्रार्थना आहेत. छापण्याआधी पुष्कळ वर्षं त्यावरून काचकूच चालली होती. डोक्याच्या जखमेने भ्रमिष्ट झालेल्या माणसाचे कागद म्हणून ते बाजूला ठेवावेत असं अनेकांना वाटे, कारण त्यामुळे राष्ट्रपुरुषाला डाग लागेल. मला हे पटत नाही. घटनेसाठी सह्या गोळा करणारा आणि संतांशी बोलणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या काळच्या खेड्यापाड्यांतल्या लढवय्यांपैकी बहुतेक जण तसेच होते. राष्ट्र, राज्यघटना, प्राचीन वारसा ही त्याची नवी भाषा होती. जुनी भाषा देवाची होती. ती काढून टाकली तर 1821 चा उठाव खेड्यातल्या माणसाला का पटला, याचा पत्ताच लागत नाही.

ज्यांना वाचायचं असेल त्यांच्यासाठी 1966 साली ऑक्सफर्डने आठवणींचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद काढला आहे. लेर्नाची आणि अक्रोपोलिसची पानं लोक आधी उघडतात. मी सुचवीन की 1824 च्या यादवीची आणि 1833 नंतरची पानं आधी वाचावीत, आणि त्यांच्या शेजारी कोलोकोत्रोनिसने तेर्त्सेतिसला सांगितलेल्या आठवणी ठेवाव्यात. दोघेही त्या यादवीत समोरासमोरच्या बाजूंना होते.